गार्सिया, संत गोन्सालो आणि शत्रुप्रेम

संत गोन्सालो गार्सिया (सु. १५५६ – ५ फेब्रुवारी १५९७). फ्रान्सिस्कन धर्मबंधू व रक्तसाक्षी. जन्म वसईचा, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईतील येशूसंघीयांकडे शिक्षण घेऊन ते त्यांच्याबरोबर जपानला गेले आणि तिथली भाषा शिकले. काही काळ व्यापार केल्यावर मनिला येथे त्यांनी फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला. १५९३ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषे म्हणून ते जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यासमोर उभे राहिले. पोप नववे पायस यांनी १८६२ मध्ये त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेले पहिले संत, ही त्यांची सर्वपरिचित ओळख. गासचे चर्च आणि वसईचे महाविद्यालय त्यांच्याच नावाचे आहे. पण शत्रूवर प्रेम करण्याचे बळ माणसाला कुठून मिळते, या प्रश्नाला त्यांच्या मृत्यूतून जे उत्तर मिळते, ते या पहिलेपणाहून मोलाचे आहे.

१५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्यावरचा माल जप्त झाला, आणि धर्मप्रसारकांच्या मागोमाग स्पेनचे सैन्य येते हा हिदेयोशीचा संशय बळावला. धरपकड झाली. क्योतोमध्ये बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला गेला आणि ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. तिथे निशिझाका टेकडीवर गोन्सालोंसह २६ जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारले. समकालीन वृत्तांत सांगतो की त्या २६ जणांपैकी पाउलो मिकी यांनी क्रुसावरून हिदेयोशीला आणि मारेकऱ्यांना क्षमा केली. गोन्सालोंविषयी त्यात जेमतेम एक वाक्य आहे: ते मोठ्या आवाजात प्रभूची प्रार्थना आणि नमो मरिया म्हणत होते. ही त्रोटक नोंद फार बोलकी आहे. प्रभूच्या प्रार्थनेत माणूस स्वतःसाठी क्षमा मागतो, ती इतरांना क्षमा करण्याच्या अटीवर. समोर भालेकरी असताना ती मोठ्याने म्हणणारा माणूस ही अट स्वतःवर घालून घेतो. मिकी प्रवचनकार होते, त्यांना स्वतःचे शब्द सुचले. गोन्सालोंपाशी रोजच्या सवयीची प्रार्थना होती आणि ती पुरली. म्हणून हे बळ मुळात सौम्य स्वभावाच्या माणसांनाच लाभते असे मानता येत नाही. आपणही क्षमेचे याचक आहोत, हे प्रार्थनेत वर्षानुवर्षे घोकल्याने ते येते. मत्तयच्या शुभवर्तमानातही (अध्याय ५) शत्रुप्रेमाच्या आज्ञेला छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा जोडलेली आहे.

यावर आक्षेप असा की, हात बांधलेल्याची क्षमा ही नाइलाजाची असते. पण द्वेष करायला हात मोकळे लागत नाहीत. शाप देण्याची मुभा त्या क्षणीही होती. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. वसईत ही श्रद्धा पोर्तुगीज सत्तेबरोबर रुजली, आणि त्या सत्तेने देवळे पाडली. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यामुळे शत्रुप्रेमाची आज्ञा खोटी ठरत नाही. उलट तिच्याच कसोटीवर तो कारभार दोषी ठरतो.

शत्रुप्रेम म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे, असाही समज आहे. वसईच्याच अलीकडच्या इतिहासात त्याला उत्तर सापडते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून जमीन, पाणी आणि झाडी गिळणाऱ्या बांधकामांविरुद्ध उघड लढा दिला. त्या चळवळीला शत्रुप्रेमाचा पुरावा म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण अन्यायाला नाव घेऊन विरोध करायचा आणि तरी शस्त्र उचलायचे नाही, हे शक्य असल्याचे ती दाखवते. क्षमा ही अन्याय करणाऱ्या माणसाला असते. त्याच्या कृत्याला संमती देणे तिच्यात येत नाही. पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून दिब्रिटोंची निवड झाली, तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत एवढ्यावरून काहींनी विरोध केला. तरीही ते अध्यक्ष म्हणून संमेलनाला गेले; मुकाट्याने सोसणे ते हेही नव्हे.