पेटीतलं वाचनालय

रामवाडी म्हटलं की एसटीचं विभागीय कार्यालय आठवतं आणि पेण म्हटलं की गणपती. पुस्तकांशीही या भागाचं नातं आहे, पण ते सांगायला थेट बडोद्याला जावं लागतं.

पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबांचं जन्मगाव (१८९५). वडील बडोद्याला नोकरीला, त्यामुळे विनोबा तिकडे वाढले आणि तिथल्या सेंट्रल लायब्ररीत त्यांनी पुस्तकांचा अक्षरशः फडशा पाडला. गागोद्यातच राहिले असते तर? खेड्यातल्या वाचकाचं काय, हा प्रश्न त्याच काळात बडोद्याच्या राजानेही हाती घेतला होता.

सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पण शिकल्यावर वाचायलाच काही मिळालं नाही, तर माणूस अक्षरं विसरणारच की! म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन हा ग्रंथपाल आणला. बॉर्डनसाहेबांनी सेंट्रल लायब्ररीची घडी बसवली आणि फिरती वाचनालयं काढली. फिरती म्हणजे चक्क पेट्या! पेटीत निवडक पुस्तकं, ती गावातल्या एका जबाबदार माणसाच्या हवाली, मुदत संपली की परत. वाचणाऱ्याला सगळं फुकट. कल्पना अमेरिकेतलीच; न्यूयॉर्क राज्यात मेल्विल ड्युईने (हो, तोच दशांश वर्गीकरणवाला) १८९० च्या दशकात ती राबवली होती. १९१३ मध्ये बॉर्डन परत गेले, पेट्या मात्र फिरत राहिल्या.

मला यातलं 'एक जबाबदार माणूस' हे कलम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २००९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावात टॉड बोलने शिक्षिका असलेल्या आईच्या आठवणीत अंगणात पुस्तकांचं छोटंसं घरकुल उभारलं. त्यातून 'लिटल फ्री लायब्ररी' जगभर पसरली. एक घ्या, एक ठेवा. ना नोंद, ना पहारा.

गंमत म्हणजे त्याच २००९ साली नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. पेटीत पुस्तकं, साधारण ३५ वाचकांचा गट, पेटी सांभाळायला एक जण, आणि काही महिन्यांनी गटागटांत पेट्यांची अदलाबदल. खर्च देणगीदारांचा. २०१४ मध्ये पेटी दुबईलाही पोचली. (सयाजीरावांचं जन्मगाव कवळाणे हे नाशिक जिल्ह्यातलंच. योगायोग, दुसरं काय!)

रस्त्याकडेचं उघडं कपाट दिसतं छान, फोटोही झकास येतो. पण कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात त्यातल्या पुस्तकांचा लगदा व्हायचा. आणि वाचलंच काही तर ती बारावीची जुनी गाईडं! त्यामुळे आपलं मत पेटीला. रामवाडीत घराघरांतल्या माळ्यांवर पुस्तकं कमी नाहीत, पेटीभर तर एका रविवारात निघतील. किल्ली कोण घेतंय, तेवढं बघायचंय.