आधी चौकट, मग चित्र



पैठणी विणणारा कारागीर साडी पुरी झाल्यावर तिला काठ लावीत नाही. मागावर ताणा चढवतानाच काठाचे धागे तो वेगळे धरतो. काठ किती रुंद हे ठरले, की मधल्या अंगाला किती जागा उरली तेही ठरते. आपल्याकडच्या जुन्या चित्रांचेही असेच होते. आज आपण चित्र आधी काढतो आणि मग ते फ्रेमवाल्याकडे नेतो. त्यामुळे चौकट म्हणजे मागाहून येणारी शोभेची वस्तू, असा आपला समज झाला आहे. जुना चितारी मात्र कागद हातात आला की आधी चौकटीचा विचार करी. ही चौकट कोणकोणती कामे करी, आणि तिच्याबाहेरच्या कोऱ्या पट्टीने, म्हणजे समासाने, आपल्यासाठी काय राखून ठेवले, हे आज थोडक्यात सांगायचे आहे.

सुरुवात ताडपत्रापासून करू. ताडाचे पान लांब, पण रुंदीला जेमतेम तीन-चार बोटे. अशी पाने एकावर एक रचायची, मध्ये भोके पाडून त्यांतून दोरी ओवायची, की झाली पोथी. दोरीने अक्षर खराब होऊ नये म्हणून भोकाभोवती जागा मोकळी ठेवावी लागे. पान हाताळताना कडा झिजत, म्हणून कडेलाही जागा सोडावी लागे. म्हणजे समास जन्माला आला तो गरजेपोटी. पुढे चौदाव्या शतकात गुजरात-राजस्थानकडचे जैन ग्रंथ कागदावर लिहिले जाऊ लागले. कागदाला भोकाची गरज नव्हती. तरीसुद्धा लेखनिकांनी पानाचा लांबट आकार कायम ठेवला, आणि जिथे भोक असायचे तिथे लाल-निळा ठिपका किंवा नक्षीचे फूल काढले. सवय म्हणतात ती अशी! गरज संपली, पण जागेची आखणी राहिली.

आता अशा पानावर काम कसे चाले ते पाहा. आधी कागद घोटून गुळगुळीत करायचा. मग त्यावर ओळी पाडायच्या. त्यासाठी एका पुठ्ठ्यावर सारख्या अंतराने दोरे ताणून बसवलेले असत. फारसी लेखनिक त्याला मिस्तर म्हणत. त्यावर कागद ठेवून बोटाने दाबला, की शाई न लागता ओळी उमटत. मग समासाच्या रेघा. मग लेखनिक मजकूर लिही, आणि जिथे चित्र हवे तिथे चौकोन कोरा सोडी. पोथी चिताऱ्याकडे जाई ती त्यानंतर. काही पोथ्यांत हे चौकोन अजून कोरेच आहेत. चिताऱ्यापर्यंत त्या पोचल्याच नाहीत. आणि इथे काय काढायचे हे चिताऱ्याला कळावे कसे? तर पुष्कळदा समासात एखादा शब्द लिहिलेला असे, किंवा छोटीशी खूण-आकृती काढलेली असे. कधीकधी लिहिणारा आणि रंगवणारा यांची गाठही पडत नसेल. त्यांचे बोलणे व्हायचे ते समासात.

अकबर बादशहाच्या चित्रशाळेत हाच समास आणखी मोठे काम करू लागला. अकबराने १५८२ साली महाभारताचे फारसी भाषांतर करण्याची आज्ञा दिली. त्या ग्रंथाला ‘रझमनामा’, म्हणजे युद्धाचा ग्रंथ, असे नाव पडले. बादशहासाठी तयार झालेली त्याची सचित्र प्रत जयपूरला आहे. असल्या ग्रंथातले एक चित्र पुष्कळदा एकटा माणूस करीत नसे. एकाने रेखाटन करायचे, दुसऱ्याने रंग भरायचे, कधी चेहरे तिसऱ्यानेच काढायचे. रेखाटनाला ‘तरह’ म्हणत, रंगकामाला ‘अमल’. आणि कोणी काय केले याची नोंद कारकुनाने चौकटीबाहेर, बहुधा खालच्या समासात, बारीक अक्षरात करून ठेवलेली असे. चित्राच्या आत राजे, देव, हत्ती, रथ. आणि चौकटीबाहेर, अगदी कडेला, राबणाऱ्या माणसांची नावे.

या नावांत एक नाव आहे दसवंत. अबुल फझलने ‘आइने अकबरी’त त्याची हकीकत दिली आहे. दसवंत हा कहाराचा, म्हणजे पालखी वाहणाऱ्या भोयाचा मुलगा. भिंतींवर चित्रे काढीत बसायचा त्याला नाद. बादशहाची नजर त्याच्यावर गेली आणि त्याला ख्वाजा अब्दुस्समद या उस्तादाच्या हाती दिले. थोड्याच काळात तो पहिल्या प्रतीचा चित्रकार झाला. दुर्दैवाने पुढे त्याला बुद्धिभ्रंश झाला आणि त्याने स्वतःचा अंत करून घेतला. आता विचार करा. अबुल फझलने त्याची थोरवी सांगितली, पण त्याने काढलेली चित्रे कोणती हे आपल्याला कशावरून कळते? मुख्यतः रझमनाम्याच्या समासातल्या त्या बारीक नोंदींवरून. त्या नसत्या तर भोयाच्या या मुलाचे नाव राहिले असते, काम मात्र हजार चित्रांत हरवून गेले असते.

आणि असे हरवलेले काम थोडेथोडके नाही. पोथी जुनी झाली की ती पुन्हा बांधायला जाई. बांधणारा कडा साफ करण्यासाठी समास छाटी. पाने सुटी करून विकणाऱ्यांनाही हवे असे ते मधले चित्र. कडेच्या अक्षरांशी त्यांना काय देणेघेणे? १५९८-९९ सालच्या दुसऱ्या एका रझमनाम्याची पाने तर १९२१ साली लंडनच्या लिलावात सुटी सुटी विकली गेली, आणि ती आता जगभर पांगली आहेत. कागदाची बोटभर पट्टी कापली की कुणाच्या तरी आयुष्याची खूण पुसली जाते.

जहांगिराच्या काळात समासाचा मान फारच वाढला. चित्रे आणि सुलेखनाची पाने जमवून त्यांचे संग्रह बांधीत. चित्र लहान असो की मोठे, ते रुंद हाशियाच्या कागदात बसवले की सगळी पाने एका मापाची होत. या हाशियांवर सोनेरी वेलबुट्टी असे, तशी माणसेही असत. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात असे एक पान आहे. त्याच्या हाशियात कागद घोटणारे, पुस्तक बांधणारे असे कारागीर आपापल्या कामात गढलेले दाखवले आहेत. ज्यांच्या हातांनी ग्रंथ होई, ती माणसे अशी ग्रंथाच्या कडेला का होईना, येऊन बसली.

आपल्या मराठी मुलखालाही ही रीत नवी नाही. दौलताबादेजवळ कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला हातकागद तयार होत असे. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढी आणि मग तिला अक्षरे टांगीत जाई. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक लिहितात, तेव्हा सुवासिनी आधी चौकोन आखतात, त्याला नक्षीच्या कडा भरतात, आणि आत पालघट देवी येते. हा चौक भिंतीवरचा. त्याखाली कोणी नाव घालीत नसे. १९७० च्या दशकात ही चित्रे कागदावर येऊ लागली आणि जिव्या सोमा मशे यांचे नाव जगाला कळले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. भिंतीवर लिहिणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांची नावे मात्र आपल्यापाशी नाहीत.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना यातून एक सुचवावेसे वाटते. मुले पानाच्या मधोमध चित्राला हात घालतात. मग माणसाचे डोके मावते आणि पाय कागदाबाहेर जातात. त्यांना आधी चारी बाजूंनी बोटभर समास आखू द्या. आतल्या जागेत आभाळ किती, जमीन किती, झाड कुठे, हे हलक्या हाताने ठरवू द्या. एखाद्याच्या झाडाची फांदी रेघेबाहेर गेली तर लगेच रागावू नका. जुने कसलेले चितारीही झेंड्याचे टोक किंवा झाडाचा शेंडा मुद्दाम चौकटीबाहेर जाऊ देत. पण रेघ कुठे आहे हे त्यांना ठाऊक असे.

आणि खालच्या समासात मुलाला आपले नाव, गाव आणि तारीख लिहायला लावा. दोघांनी मिळून चित्र केले असेल तर रेखाटन कोणाचे, रंग कोणाचे, तेही लिहू द्या. चित्र भिंतीवर चिकटवताना मात्र ती पट्टी कापू नका.