अर्जातला तो रकाना

'पूर्वी कधी शिक्षा झाली आहे का?' नोकरीच्या अर्जात या प्रश्नापुढे 'हो' लिहिणाऱ्याचं पुढे काय होत असेल? आमच्या संगणकाच्या क्षेत्रात अमेरिकेतली दोन उदाहरणं नेहमी दिली जातात.

रॉबर्ट मॉरिस कॉर्नेलचा विद्यार्थी. १९८८ मध्ये त्याने सोडलेल्या 'वर्म'ने इंटरनेटवरची हजारो यंत्रं ठप्प केली. १९९० मध्ये शिक्षा झाली: तीन वर्षांचं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि दंड. १९९५ मध्ये त्याने पॉल ग्रॅहमबरोबर 'व्हायावेब' काढली, १९९८ मध्ये ती याहूने घेतली. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला.

केव्हिन मिटनिकचं नशीब वेगळं. १९९५ मध्ये पकडला गेला, सुटला २००० मध्ये. वर आणखी तीन वर्षं परवानगीशिवाय संगणक वापरायचा नाही! सुताराला सोडायचं आणि करवत काढून घ्यायची, तसलाच प्रकार. बंदी उठल्यावर सुरक्षा सल्लागार म्हणून त्याने नाव कमावलं. २०२३ मध्ये तो वारला.

गंमत बघा, शिक्षेनंतर दोघांनीही स्वतःच्याच कंपन्या काढल्या. शिवाय दोघांचा गुन्हा हाच त्यांच्या हुशारीचा दाखला ठरला. पण मारामारीत किंवा चोरीत अडकलेल्या, नंतर प्रोग्रॅमिंग शिकलेल्या पोराकडे असा दाखला कुठून येणार?

म्हणून मला हवाई राज्याचा १९९८ चा कायदा मोलाचा वाटतो. तिथे हा प्रश्न नोकरी देऊ केल्यानंतरच विचारता येतो. प्रश्न राहतोच, पण आधी माणूस दिसतो.

मीही मुलाखती घेतो. उद्या असा कुणी समोर आला, तर आधी त्याचा कोड बघायचा, एवढं मी ठरवलंय.