आयबॉल : नुसतं बघण्याचा गुन्हा

टक लावून पाहण्यासाठी इंग्रजीत बरीच क्रियापदं आहेत. ‘स्टेअर’ त्यातलं जुनं. त्याच्या मुळाशी ताठ, न हलणारं असा भाव आहे. ‘ओगल’ सतराव्या शतकातलं, डच-जर्मन बाजूच्या ‘डोळा’ या शब्दावरून आलेलं. त्यात वासनेची छटा आहे. ‘आयबॉल’ मात्र आधी साधं नाम होतं, अर्थ डोळ्याचा गोळा. त्याचं क्रियापद विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन बोलीत रुळलं : रोखून पाहणं, न्याहाळणं. आज टेप न लावता नजरेनं माप घेण्यालाही हाच शब्द वापरतात.

या निरुपद्रवी शब्दाला अमेरिकेच्या दक्षिण भागात एक विशेषण चिकटलं. ‘रेकलेस आयबॉलिंग’, म्हणजे बेपर्वा बघणं. काळ्या पुरुषानं गोऱ्या स्त्रीकडे पाहिलं, तर तो गुन्हा. कायद्याच्या पुस्तकात असं कलम नव्हतं, पण नियम सगळ्यांना पाठ होता.

जून 1951. नॉर्थ कॅरोलायनातल्या यान्सीव्हिलजवळ मॅट इन्ग्रम नावाचा काळा कूळ-शेतकरी शेजाऱ्याकडे ट्रेलर मागायला गाडीनं निघाला होता. वाटेत एक गोरी तरुणी शेताकडे चालली होती. त्यानं आपल्याकडे रोखून पाहिलं, आपण घाबरलो, अशी तिची तक्रार होती. दोघांमधलं अंतर साठ-सत्तर फूट. त्यानं स्पर्श केला नव्हता, धमकीही दिली नव्हती. तरी स्त्रीवर हल्ला केल्याबद्दल खालच्या कोर्टानं त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी सुनावली.

अपिलात आधी ज्यूरीचं एकमत झालं नाही. पुढे 1952 मध्ये सर्व गोऱ्या ज्यूरीनं त्याला पुन्हा दोषी धरलं. अखेर फेब्रुवारी 1953 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली. दुरून टाकलेली नजर कितीही भीतीदायक वाटली तरी तो हल्ला होत नाही, माणसाच्या मनात काय असेल यावरून शिक्षा देता येत नाही, असा निकालाचा आशय होता.

टक लावून बाईला हैराण करणारे पुरुष सगळीकडे असतात, आणि तिची तक्रार ऐकलीच पाहिजे. पण इन्ग्रमच्या खटल्यात कृती तपासण्याआधी माणसाचा रंग तपासला गेला.

आपण हे परक्या देशातलं म्हणून सोडून देऊ नये. अरबीतून आलेला ‘नजर’ हा शब्द मराठीत घरचा झाला आहे. ‘नजर वर करून बघायची हिंमत कशी झाली?’ असं आपण सहज बोलतो. वडील मुलाला बोलतात, मालक गड्याला बोलतो, जातीत वरचा खालच्याला बोलतो. उलट दिशेनं हे वाक्य कधी ऐकलंय का? पुढच्या वेळी ते तोंडावर आलं, तर ते कुणाला उद्देशून आलं एवढं जरूर पाहा.