'दिवाळे' आणि 'नादारी' : ऋणकोच्या दोन नावांचा इतिहास

संसदेच्या सदस्यत्वासाठी कोण अपात्र ठरतो, हे सांगणाऱ्या संविधानाच्या १०२ व्या अनुच्छेदात कर्जबुडीत व्यक्तीचा उल्लेख आहे. हिंदी पाठात ती 'अनुन्मोचित दिवालिया' आहे, तर मराठी पाठात 'अविमुक्त नादार'. कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती एकच. परंतु दोन भाषांनी तिच्याकडे दोन ठिकाणांहून पाहिले आहे.

मराठीत दिवाळे 'निघते' आणि 'वाजते'. वाजणारी गोष्ट चारचौघांच्या कानावर जाणारच. बुडालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावी, ही या शब्दाची लोकव्युत्पत्ती शास्त्रशुद्ध असो वा नसो, तिने शब्दातील जाहीरपणा अचूक पकडला आहे. गुजराती 'देवाळुं' हा शब्द मात्र 'देवुं' म्हणजे कर्ज या शब्दाच्या शेजारी उभा असल्यासारखा भासतो. तेथे दिव्यापेक्षा देणेच आधी ऐकू येते. 'नादार' हा फारसी शब्द याहून शांत आहे. ज्याच्यापाशी नाही, तो नादार. मराठी शाळांत गरीब विद्यार्थ्याला मिळणाऱ्या फीमाफीलाही 'नादारी'च म्हणत, आणि नादारीवर शिकल्याचे पुढे कृतज्ञतेने, क्वचित अभिमानानेही सांगितले जाई. दिवाळे काढून शिकलो, असे कोणी सांगणार नाही. एका शब्दात अप्रतिष्ठा आहे, तर दुसऱ्यात मदतीचा हक्क. ऋणकोविषयक कायद्याचा इतिहास या दोन अर्थांमधील ओढाताणीचाच इतिहास आहे, आणि मराठी मुलखात तो विशेष स्पष्ट दिसतो.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला. पुढे तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांत पसरला. दंगेखोरांचा रोख मुख्यतः सावकाराच्या दप्तरावर होता. खते हिसकावून जाळण्यात आली. लिहिता न येणारा कुणबी खतावर नांगराची निशाणी करी. वर काय लिहिले आहे, हे त्याला लिहिणाराच सांगे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत आखडली. कुळाला दिलासा मिळावा म्हणून केलेली ही तरतूद उलटीच पडली : मुदत संपण्यापूर्वी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवे खत करून घेऊ लागला. हुकूमनामा झाल्यावर जप्ती होती, आणि तुरुंगही होता. व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करू नये, हा दामदुपटीचा जुना नियम अशा नव्या खतांपुढे लंगडा पडला. कारण कालचे व्याज आज मुद्दल झालेले असे.

दंग्यांनंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ हिशेब तपासण्यास सांगितले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करण्यास मनाई केली. पन्नास रुपये वा अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्याला स्वतःहून नादारीचा अर्ज करण्याची वाट दिली. ज्याचे दिवाळे सावकार वाजवीत असे, तो आता स्वतःच न्यायालयाच्या दारी येऊन 'मजपाशी नाही' असे म्हणू शकत होता. या कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी काम केले.

वकिलांसंबंधीची कलमे साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावीत अशी आहेत. तडजोड करणारा पंच आणि गाव-मुन्सफ यांच्यापुढे, तसेच दुय्यम न्यायाधीशापुढील शंभर रुपयांपर्यंतच्या प्रकरणांत, वकिलाला मज्जाव होता. मात्र इतरत्र सावकाराच्या बाजूने वकील उभा राहिला आणि शेतकऱ्याला तो परवडत नसला, तर न्यायाधीश त्याच्या संमतीने सरकारी वकिलाला वा अन्य योग्य व्यक्तीला त्याच्या बाजूने उभे करू शके. वकील हा रोग की औषध, याविषयी कायदा करणाऱ्यांचेच मन दुभंगलेले होते. अज्ञान शेतकरी आणि त्याच्या वतीने बोलणारा लिहिता माणूस यांच्या नात्याकडे जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) ज्या संशयाने पाहतात, तो या कलमांशेजारी ठेवून वाचला पाहिजे.

दख्खनी कायदा शेतकऱ्यापुरता होता. इतरांसाठी मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत १९०९ चा नादारी कायदा आणि उर्वरित मुलखासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा झाला. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने हे दोन्ही मागे पडतील अशी अपेक्षा होती. कंपन्यांच्या बाबतीत चित्र पालटले : राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, नेमलेला व्यावसायिक, धनकोंची समिती, १८० दिवसांची मूळ मुदत. २०२० मध्ये अर्जासाठी किमान थकबाकीची मर्यादा एक लाखावरून एक कोटी रुपये झाली. व्यक्तींसंबंधीचा भाग मात्र १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू करण्यात आला.

याचा अर्थ दिल्लीतील मुनिरका गावठाणाच्या गल्लीत पाहता येतो. तेथील एखादी छोटी कंपनी बुडाली, तर तिचा विचार नव्या संहितेखाली होतो. तिच्या शेजारचे एकमालकी किराणा दुकान बुडाले, तर दुकान आणि दुकानदार कायद्याला वेगळे दिसत नाहीत. त्या दुकानदाराला स्वतःहून जिल्हा न्यायालयात जायचे, तर वाट १९२० च्या कायद्याचीच, आणि त्यातील कर्जाची किमान मर्यादा आजही पाचशे रुपये. गिरगावातील दुकानदाराला याच कारणाने १९०९ कडे वळावे लागते. केवळ गरिबीमुळे देणे न फेडू शकणाऱ्याला तुरुंगात टाकता येत नाही, हे तत्त्व चार मराठी जिल्ह्यांच्या शेतकऱ्याला १८७९ मध्ये मिळाले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते जीवितस्वातंत्र्याच्या हक्काशी जोडले, ते जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात, १९८० साली. वकिलाचा प्रश्नही १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने हाती घेतला : स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार, ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना विनामूल्य वकील मिळू शकतो. मुनिरक्यातील दुकानदार या यादीत बसला, तर त्याचा वकील फुकट, म्हणजे जुन्या मराठी शाळेच्या भाषेत नादारीवर. त्याचा अर्ज हिंदीत झाला, तर तो अर्जदार दिवालिया ठरावा, अशी विनंती मात्र त्याच वकिलाने करायची असते.