केळीच्या बागेतील माती आणि पान: दोन परीक्षणे, दोन उत्तरे

तापीच्या खोऱ्यातील बऱ्हाणपूर जिल्हा २००३ मध्ये खंडव्यातून वेगळा झाला. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत त्याच्या वाट्याला केळी आली, ते साहजिकच होते. राज्यसीमेपलीकडील रावेर-यावलसह हा सारा एकच केळीपट्टा आहे. येथील काळ्या, खोल जमिनीच्या परीक्षण-अहवालात पालाशाची नोंद बहुधा ‘भरपूर’ अशी असते. उपलब्ध पालाश हेक्टरी २८० किलोंहून अधिक आढळले की ही नोंद होते. तरीही अशाच जमिनीत एखाद्या बागेतील जुन्या पानांच्या कडा पिवळ्या-नारिंगी होऊन वाळतात आणि घड हलका भरतो.

अहवाल खोटा नसतो. तो जमिनीतील साठा सांगतो. झाडाने त्यातून किती उचलले, हे सांगत नाही. केळीला पालाश नत्राच्या दुपटीहून अधिक लागते. चिकण मातीत पाणी साचून मुळांची हवा कोंडली किंवा चुनखडीतील कॅल्शियमची स्पर्धा वाढली, की साठा असूनही पीक उपाशी राहते. सामू आठच्या वर गेल्यास लोह आणि जस्त यांचीही तीच गत होते. ही उपासमार पान परीक्षणात दिसते.

मातीचा नमुना खत देण्यापूर्वी घ्यावा. बांध, विहीर व उकिरडा यांच्याजवळची जागा टाळून, बागेत नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणची तीस सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करावी. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करीत राहावे. माती सावलीत वाळवावी.

पानाचा नमुना अधिक काटेकोर असतो. घड निसवताना वरून तिसरे, पूर्ण उघडलेले पान निवडतात आणि त्याच्या मधल्या भागातून, मुख्य शिरेच्या दोन्ही बाजूंनी, सुमारे दहा सेंटिमीटर रुंदीची पट्टी घेतात. अशा पट्टीत नत्र २.६ टक्के व पालाश ३ टक्के यांहून कमी असल्यास कमतरता मानली जाते. काही प्रयोगशाळा लागवडीनंतर चौथ्या महिन्यात देठ तपासतात. त्याचे निकष निराळे आहेत. देठाचा आकडा पानाच्या तक्त्याशी ताडून पाहणे ही चूक वरचेवर होते. शिवाय निसवणीच्या वेळचा अहवाल चालू घडापेक्षा पुढच्या पिलाच्या खतासाठीच अधिक उपयोगी पडतो.

गोव्याच्या बागायतदाराने मात्र बऱ्हाणपूरचा खत-तक्ता उचलू नये. मयड्याची केळी ज्या जांभ्या मातीच्या प्रदेशात वाढतात, तेथील पावसात चुना आणि पालाश धुपून जातात व माती आम्लधर्मी होते. तेथे पालाशाचा साठाच तोकडा असू शकतो. स्फुरदाची चाचणीही बदलते: चुनखडीच्या जमिनीत ओल्सन पद्धत, आम्लधर्मी जमिनीत ब्रे पद्धत. अहवालावर पद्धतीचे नाव नसेल तर ते विचारून घ्यावे.

खालची पाने कडेने पिवळी पडणे हे मर रोगाचेही लक्षण आहे. अशा वेळी खोड आडवे कापून पाहावे. आत तांबूस-तपकिरी रेषा दिसल्यास पालाशाची पोती आणण्याआधी ते झाड कृषी अधिकाऱ्यांना दाखवावे, आणि त्याचे पील दुसऱ्या बागेत नेऊ नये.