अंदमान-निकोबार : बेटांना जोडणारी जहाजे

मुंबईहून चेन्नईकडे येणारा लोहमार्ग महानगरात शिरण्यापूर्वी आवडी या पश्चिमेकडील उपनगरातून जातो. 1955 मध्ये येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला होता. पुढे रणगाड्यांच्या कारखान्यामुळे आणि इतर संरक्षण आस्थापनांमुळे आवडीचे नाव देशभर परिचित झाले. आवडीहून बंदर साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे. चेन्नई बीच स्थानकाबाहेर राजाजी सालै हा रस्ता आणि त्याच्या पलीकडे चेन्नई बंदर आहे. अंदमानला जाणारी प्रवासी जहाजे याच बंदरातून सुटतात.

बदलीवर निघालेले सैनिक, सुटी संपवून परतणारे विद्यार्थी, उपचार घेऊन घरी निघालेले रुग्ण आणि पर्यटक असे नाना प्रकारचे प्रवासी या जहाजांवर एकत्र येतात. यांपैकी पर्यटकांच्या दृष्टीने हा समुद्रप्रवास एक अनुभव असतो. बेटांवरील रहिवाशांच्या दृष्टीने मात्र जहाज म्हणजे महाराष्ट्रातील खेडेगावाला जोडणारी एस.टी. होय. ती चुकली किंवा रद्द झाली, तर पुढील फेरीपर्यंत वाट पाहण्याखेरीज बहुतेकांना पर्याय नसतो.

मुख्य भूमी ते बेटे

अंदमान-निकोबार या केंद्रशासित प्रदेशात बेटे, लहान द्वीपके आणि खडक मिळून 836 भूभाग आहेत. त्यांपैकी मनुष्यवस्ती असलेली बेटे जेमतेम तीस-एकतीस आहेत. प्रदेशाचे क्षेत्रफळ 8,249 चौरस किलोमीटर असून 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 3 लाख 80 हजार होती. उत्तर टोकापासून दक्षिणेच्या इंदिरा पॉइंटपर्यंत ही द्वीपमाला सातशे किलोमीटरहून अधिक लांब पसरली आहे.

राजधानी पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर 2024 मध्ये 'श्री विजयपुरम' असे करण्यात आले. चेन्नईपासून ती सागरी मार्गाने सुमारे 1,190 किलोमीटर, विशाखापट्टणमपासून सुमारे 1,200 किलोमीटर आणि कोलकात्यापासून सुमारे 1,255 किलोमीटर अंतरावर आहे. चेन्नईहून निघालेले जहाज साधारणतः अडीच ते तीन दिवसांत तेथे पोहोचते. विमानाने हेच अंतर दोन-अडीच तासांत कापले जाते. तरीही जहाजाचे महत्त्व संपलेले नाही. मोठ्या सामानासह संपूर्ण कुटुंबाने प्रवास करायचा झाल्यास जहाजाचे भाडे परवडते. शिवाय धान्य, सिमेंट, इंधन, यंत्रसामग्री अशा जवळजवळ प्रत्येक जड वस्तूला समुद्रमार्गच गाठावा लागतो.

जहाजात प्रवाशांसाठी वेगवेगळ्या दर्जाच्या खोल्या असतात. सर्वांत स्वस्त 'बंक' वर्गात मोठ्या दालनात एकावर एक अशा शय्या असतात. जहाजावर भोजनगृह आणि वैद्यकीय मदतीची सोय असते. पहिल्या दिवशी अनेकांना बोट लागते. हलका आहार, मोकळी हवा आणि जहाजाच्या मध्यभागातील जागा यांमुळे हा त्रास कमी होतो.

मराठी स्मृतीतील मार्ग

मराठी वाचकास हा सागरी मार्ग इतिहासामुळे परिचित आहे. स्वातंत्र्यवीर विनायक दामोदर सावरकर यांना जन्मठेपेच्या शिक्षेवर मद्रासहून 'महाराजा' या आगबोटीने नेण्यात आले आणि 4 जुलै 1911 रोजी ते पोर्ट ब्लेअरला पोहोचले. त्यांचे ज्येष्ठ बंधू गणेश उपाख्य बाबाराव हेही सेल्युलर तुरुंगात बंदिवान होते. श्री विजयपुरमच्या विमानतळास आज सावरकरांचे नाव आहे. 'काळे पाणी' या शब्दांतील भय तुरुंगातील छळाइतकेच अंतराचेही होते. एकदा समुद्र ओलांडला की परतीचे जहाज कैद्याच्या हाती उरत नसे.

स्वातंत्र्यानंतर याच समुद्रमार्गाने वेगळे प्रवासी गेले. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना अंदमानात वसविण्यात आले. 1969 पासून ग्रेट निकोबार बेटावर माजी सैनिकांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांत पंजाबसह महाराष्ट्रातील कुटुंबांचाही समावेश होता. देशाच्या दक्षिण टोकाजवळ वसलेल्या या कुटुंबांना गावी यायचे झाल्यास प्रथम बेटांमधील जहाज, मग मुख्य भूमीचे जहाज अथवा विमान आणि त्यानंतर रेल्वे, असे टप्पे पार करावे लागतात.

बेटांतर्गत सेवा

मुख्य भूमीवरून येणारी मोठी जहाजे श्री विजयपुरमच्या हॅडो धक्क्याला लागतात. तेथून इतर बेटांकडे जाणाऱ्या बोटी फिनिक्स बे जेटीवरून सुटतात. ही सेवा अंदमान-निकोबार प्रशासनाचे जहाजसेवा संचालनालय चालविते.

या सेवेचे स्थूलमानाने तीन स्तर आहेत. पहिला स्तर खाडी आणि सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या लहान बोटींचा आहे. चॅथम ते बांबू फ्लॅट ही फेरी माणसांबरोबर वाहनेही नेते आणि बंदराला वळसा घालणारा लांबचा रस्ता वाचविते. भाऊचा धक्का ते रेवस ही लाँच ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे स्वरूप सहज ध्यानात येईल. अंदमान ट्रंक रोडवर दक्षिण अंदमान आणि बाराटांग यांच्यामध्येही वाहने बोटीवर चढवावी लागतात.

दुसरा स्तर काही तासांच्या अंतरावरील बेटांचा आहे. स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (पूर्वीचे नील) ही बेटे राजधानीपासून सुमारे चाळीस किलोमीटरच्या आत आहेत. 30 डिसेंबर 2018 रोजी त्यांना ही नावे देण्यात आली. सरकारी बोटीला तेथे जाण्यास दोन ते अडीच तास लागतात. या मार्गावर खासगी वेगवान कॅटॅमरान बोटीही धावतात. पर्यटकांची बहुतांश गर्दी याच टप्प्यात असते.

तिसरा आणि सर्वांत कठीण स्तर दक्षिणेकडील बेटांचा आहे. लिटल अंदमानवरील हट बे सुमारे 120 किलोमीटर, कार निकोबार सुमारे 270 किलोमीटर आणि ग्रेट निकोबारवरील कॅम्पबेल बे सुमारे 540 किलोमीटर दूर आहे. लिटल अंदमान सोडल्यानंतर दहा अंश खाडी लागते. सुमारे दीडशे किलोमीटर रुंदीचा हा मोकळा समुद्र अंदमान आणि निकोबार या दोन द्वीपसमूहांना वेगळे करतो. आडोसा नसल्याने येथे जहाज चांगलेच डोलते. पुढे कार निकोबार, चौरा, तेरेसा, कच्छल आणि नानकौरी-कामोर्ता अशा बेटांपैकी ठरलेल्या ठिकाणी थांबत जहाज कॅम्पबेल बेला पोहोचते.

नानकौरीचे बंदर निसर्गतःच सुरक्षित आहे. कार निकोबारला मात्र असे नैसर्गिक बंदर लाभलेले नाही. धक्का अपुरा असलेल्या बेटांपाशी जहाज खोल पाण्यात थांबते आणि माणसे व सामान लहान बोटींतून उतरविले जाते. लाटा मोठ्या असल्यास किनारा समोर दिसत असूनही उतरणे अशक्य होते.

यंत्रचलित जहाजे येण्यापूर्वी निकोबारी लोक एका बाजूस आधाराचे लाकूड जोडलेल्या लांबट नावेतून बेटाबेटांत ये-जा करीत. या नावेला तेथेही 'होडी' असेच म्हणतात. मातीची भांडी घडविणारे चौरा हे लहानसे बेट होड्यांच्या व्यापाराचे पारंपरिक केंद्र होते.

एका जागेचे मोल

निकोबारमधील गंभीर आजाराच्या रुग्णाला राजधानीतील गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात हलवावे लागते. तातडीच्या प्रसंगी हेलिकॉप्टरचा उपयोग होतो. परंतु त्यातील जागा मोजक्या असतात. उच्च शिक्षण, नोकरीच्या परीक्षा, न्यायालयीन कामे आणि बाजारहाट यांसाठी जहाज हाच सर्वसामान्यांचा आधार आहे. त्यामुळे तिकिटांच्या दरांत स्थानिक रहिवासी आणि बाहेरील प्रवासी असा भेद केला जातो. रहिवाशांना ओळखपत्राच्या आधारे सवलतीचे भाडे लागू होते. ही सवलत म्हणजे पर्यटकांवरील अन्याय नव्हे. ज्याला दुसरा रस्ता नाही त्याच्यासाठी एकमेव रस्ता परवडण्याजोगा ठेवण्याचा तो मार्ग आहे.

जहाजांवरील अवलंबन किती खोल आहे, याची प्रचिती 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत आली. निकोबार बेटांवर हजारो माणसे मृत अथवा बेपत्ता झाली. अनेक ठिकाणचे धक्के नष्ट झाले, कच्छल आणि कार निकोबारचा किनारा उद्ध्वस्त झाला आणि त्रिंकेत बेटाचे तुकडे झाले. ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक चार मीटरहून अधिक खचल्याने इंदिरा पॉइंटच्या दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. ज्या वेळी मदतीची सर्वाधिक निकड होती, त्याच वेळी ती उतरवून घेण्याची जागा उरली नव्हती. त्यामुळे बेटांवर धक्का बांधणे हे रुग्णालय बांधण्याइतकेच निकडीचे काम ठरते.

त्यानंतरच्या काळात दळणवळणात सुधारणा झाली आहे. कोचीन शिपयार्डने बांधलेली 'सिंधू' आणि 'नालंदा' ही प्रत्येकी 500 प्रवासी व 150 टन माल नेऊ शकणारी जहाजे या प्रदेशासाठी देण्यात आली. 2020 मध्ये हम्फ्री सामुद्रधुनीवरील आझाद हिंद फौज सेतू वाहतुकीस खुला झाला आणि ट्रंक रोडवरील एक बोटफेरी कमी झाली. त्याच वर्षी 10 ऑगस्ट रोजी चेन्नईहून निघालेल्या सुमारे 2,300 किलोमीटर लांबीच्या समुद्राखालील केबलचे उद्घाटन झाले. आज कॅम्पबेल बेचा विद्यार्थी चेन्नईतील शिक्षकाचा वर्ग संगणकावर पाहू शकतो. मात्र परीक्षेला प्रत्यक्ष बसायचे असल्यास त्याला अजूनही जहाजाचीच वेळ पाहावी लागते.

प्रवाशांसाठी

चेन्नईहून सुटणाऱ्या जहाजांच्या तारखा महिन्यागणिक ठरतात आणि त्यांत बदलही होतात. त्यामुळे राजाजी सालै येथील जहाजसेवेच्या कार्यालयातून अथवा प्रशासनाच्या संकेतस्थळावरून तारखेची खात्री करून घ्यावी. प्रवासात छायाचित्रासह ओळखपत्र आवश्यक असते.

निकोबारमधील आदिवासी राखीव बेटांवर जाण्यासाठी 1956 च्या आदिम जमाती संरक्षण विनियमानुसार परवाना लागतो. तो नसल्यास बाहेरील व्यक्तीस तेथे उतरता येत नाही. तेथील जमातींचे बाहेरील रोग व शोषण यांपासून रक्षण व्हावे, हा या नियमाचा हेतू आहे.

मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळलेला असतो. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांची शक्यता असते. अशा वेळी बोटी ऐनवेळी रद्द होतात. जानेवारी ते एप्रिल हा कालावधी तुलनेने शांत असतो. दूरच्या बेटावरून परतल्यावर त्याच दिवशीचे विमान अथवा मुख्य भूमीचे जहाज धरण्याचा बेत आखू नये. मध्ये किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत.

पर्यटकाने राखलेले हे दोन दिवस फार तर सुटीत मोजले जातील. कार निकोबारच्या धक्क्यावर आजारी आईला घेऊन बोटीची वाट पाहणाऱ्या मुलासाठी तेच दोन दिवस निर्णायक ठरू शकतात. बेटांवरील जलप्रवासाचे वेळापत्रक वाचताना ही बाब ध्यानात ठेवणे उचित ठरेल.